कॅम्परव्हॅनमधला गॅस: कोकणात फिरताना कुठली टाकी घ्यायची आणि ती भरायची कुठे

गाडीतच झोपायची सोय करून कोकण किनारा फिरणारे आता बरेच दिसतात, कोणी टेम्पो ट्रॅव्हलरचं आख्खं घर केलंय, कोणी बोलेरोच्या मागे फळ्या टाकून गादी आणि शेगडी बसवलीय, आणि महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. सोलर कुठला, बॅटरी किती, गादी किती इंचाची यावर लोक महिना महिना अभ्यास करतात आणि गॅसचं विचारलं की "घरची टाकी टाकू ना मागे" एवढ्यात विषय संपतो. गाडीत सगळ्यात जास्त नीट विचार करायची गोष्ट हीच आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

खरं तर दोनच प्रश्न आहेत. पहिला, ही टाकी संपली तर पुढच्या गावात ती मला कायदेशीर बदलून मिळेल का? दुसरा, ती गळली तर गॅस गाडीच्या बाहेर जाईल की आत साठेल? बाकी रंग, आकार, किंमत हे सगळं या दोघांच्या नंतर.

यूट्यूबवर परदेशी कॅरॅव्हॅनवाल्यांचे व्हिडिओ बघून गोंधळ फार होतो, म्हणून आधी तो बाजूला करू. तिकडे ब्युटेन घ्यायचा की प्रोपेन यावर मोठी चर्चा असते, कारण ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास द्रवातून गॅस व्हायचाच थांबतो आणि प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतो, मग हिवाळ्यात फिरणाऱ्याला प्रोपेन घ्यावाच लागतो. ब्रिटनमध्ये कॅलर कंपनीची निळी टाकी ब्युटेनची आणि लाल टाकी प्रोपेनची. शिवाय देश बदलला की टाकी बदलते, जोडणी बदलते, त्यामुळे ते लोक अडॅप्टरची पिशवी घेऊन फिरतात. आपल्याकडे यातलं काहीच नाही. आपला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रणच, निवड करायची वेळच येत नाही, आणि आपल्या किनाऱ्यावर जानेवारीच्या पहाटेसुद्धा टाकी गारठून बंद पडेल अशी थंडी पडत नाही. (उरणला ओएनजीसीच्या प्रकल्पात समुद्रातून आलेल्या वायूमधून एलपीजी वेगळा काढतात, म्हणजे हा गॅस एका अर्थी कोकणचाच.)

त्याच व्हिडिओंमधली दुसरी गोष्ट मात्र धोक्याची आहे. तिकडे काही लोक ऑटो एलपीजीच्या पंपावर जाऊन स्वतःची टाकी भरून घेतात, आणि ते बघून इथेही विचारणा होते की रिक्षांच्या एलपीजी पंपावर आपली टाकी भरता येईल का. नाही. तो पंप फक्त गाडीला पक्क्या बसवलेल्या इंधन टाकीसाठी असतो, स्वयंपाकाचा सिलिंडर तिथे भरणं बेकायदा आहे, आणि त्यामागे नुसता नियम नाही, कारणही आहे. तिकडच्या त्या टाक्या खास बनवलेल्या असतात, आत असा व्हॉल्व्ह असतो की ८० टक्के भरलं की आपोआप बंद. आपल्या सिलिंडरमध्ये तसं काही नाही. द्रव गॅस तापला की फुगतो, त्यासाठी वर रिकामी जागा लागते, ती जागा ठेवायला बॉटलिंग प्लांटमध्ये टाकी वजनावर भरतात. अंदाजाने काठोकाठ भरलेली टाकी एप्रिलच्या दुपारी मालवणच्या पार्किंगमध्ये बंद गाडीत राहिली तर आतल्या द्रवाला फुगायला जागाच उरत नाही आणि दाब भयानक वाढतो.

हेच कारण त्या गल्लीतल्या रिफिलिंगलाही लागू. मोठ्या घरगुती सिलिंडरमधून पाइप लावून छोट्या दोन-तीन किलोच्या टाकीत गॅस उतरवून देणारी दुकानं असतात, स्वस्त पडतं आणि लगेच मिळतं म्हणून लोक घेतात. ते बेकायदा आहेच, पण तिथे वजन होत नाही, गळती तपासली जात नाही, त्या छोट्या टाकीवर बऱ्याचदा आयएसआयचा शिक्कासुद्धा नसतो, आणि उतरवताना थोडा गॅस बाहेर पडतोच. कृपा करून तिथे टाकी भरू नका आणि भरून ठेवलेली घेऊही नका.

आता आपल्याकडे पर्याय काय ते बघू.

घरची १४.२ किलोची लाल टाकी. भरलेली असताना तिचं वजन तीस किलोच्या आसपास जातं, उंच असते, घाटात उलटायला बघते. पण मोठी अडचण अशी की ती घरच्या स्वयंपाकघरासाठी आणि तुमच्या पत्त्यावर दिलेली असते. गुहागरला संपली तर तिथली एजन्सी तुम्हाला बदलून देणार नाही, कारण तुमचं कनेक्शन ठाण्याचं किंवा पुण्याचं. आणि गाडी भाड्याने देत असाल तर घरगुती सिलिंडर वापरायचा प्रश्नच नाही, तो व्यावसायिक वापर झाला. १९ किलोची निळी कमर्शियल टाकी कायद्याने चालेल पण चार माणसांच्या गाडीत ती कशाला, नुसतं ओझं.

मग उरते ती ५ किलोची, आणि माझं मत स्पष्ट आहे, बहुतेकांनी हीच घ्यावी. फ्री ट्रेड एलपीजी म्हणतात तिला. इंडेनची छोटू, एचपीची अप्पू, भारतगॅसची मिनी. ओळखपत्र दाखवलं की मिळते, पत्त्याचा पुरावा लागत नाही, बुकिंग नाही, गॅस एजन्सीत मिळते, काही पेट्रोल पंपांवर आणि काही किराणा दुकानांतही मिळते. पहिल्यांदा टाकीचे पैसे द्यायचे, नंतर रिकामी द्यायची, भरलेली घ्यायची आणि फक्त गॅसचे पैसे द्यायचे. दर बाजारभावाचा असतो, घरच्या टाकीच्या हिशोबाने किलोला महाग पडतो, पण तुम्ही गाडीत महिन्याला किती जाळणार आहात? तेवढ्यासाठी वाचवायला जाऊ नका. लक्षात ठेवायची गोष्ट एकच, बदली त्याच कंपनीकडे होते, इंडेनची रिकामी टाकी एचपीवाला घेणार नाही. त्यामुळे कंपनी निवडताना आपण नेहमी ज्या रस्त्याने जातो तिथे कुणाची एजन्सी जास्त आहे ते आधी बघा, टाकी नंतर घ्या. रेग्युलेटरही त्याच दुकानात त्याच टाकीवर बसवून, खटका लावून बघूनच घ्या, घरचा रेग्युलेटर प्रत्येक टाकीवर बसेलच असं गृहीत धरून निघू नका.

चौथा पर्याय कंपोझिट टाकीचा, ५ आणि १० किलोत येते, आत प्लास्टिकचं अस्तर, त्यावर फायबरग्लासचं वेष्टन आणि बाहेर पुन्हा प्लास्टिकचं कवच. वजन स्टीलच्या जवळपास निम्मं, उजेडात धरली की आत गॅस कुठवर आहे ते दिसतं, आणि कोकणासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गंजत नाही. मला स्वतःला ही टाकी फार आवडते. पण सगळ्या एजन्सीत ती मिळत नाही, त्यामुळे लांबच्या प्रवासात बदलून मिळण्याचा भरवसा कमी. दोन-तीन दिवस जाऊन परत घरी येणाऱ्याने घ्यावी, रेवसपासून रेडीपर्यंत सागरी मार्गाने निवांत जाणाऱ्याने स्टीलचीच ५ किलो घ्यावी.

कॅनिस्टरवाली छोटी शेगडी पण बरेच जण ठेवतात, ती स्प्रेच्या डब्यासारखी २२०-२३० ग्रॅमची असते ती. चहापुरती ठीक आहे. पण त्यावर शेगडीच्या बाहेर येणारा मोठा तवा किंवा टोप ठेवू नका, त्याची उष्णता बाजूच्या डब्यावर परतते आणि डबा तापून फुटू शकतो. आणि तो डबा पुन्हा भरायचा नसतो, कोणी भरून देतो म्हणाला तरी.

किती दिवस पुरेल याचा हिशोब सोपा आहे. एक मध्यम बर्नर तासाला साधारण दीडशे ग्रॅम गॅस जाळतो. दोन माणसांचा चहा, नाश्ता, भात, आमटी, मासे तळणं असं धरून दिवसाला दोन तास बर्नर चालला तर तीनशे ग्रॅम, म्हणजे ५ किलोची टाकी पंधरा-सोळा दिवस जाते. उकडा तांदूळ उघड्या टोपात शिजवत बसलात तर लवकर संपेल, कुकर लावलात तर जास्त जाईल. त्यामुळे शनिवार-रविवारच्या सहलीला दोन टाक्या न्यायची काहीच गरज नाही. उरला किती हे बघायला सामानाचा हातात धरायचा वजनकाटा घ्या, टाकी लटकवा आणि टाकीवर कोरलेलं रिकाम्या टाकीचं वजन त्यातून वजा करा. काटा नसेल तर टाकी ओल्या फडक्याने पुसा, आत जिथवर द्रव आहे तिथवरचा ओलावा उशिरा सुकतो.

बदलायची कुठे? किनाऱ्यावरच्या छोट्या गावांच्या भरवशावर राहू नका. केळशी, वेळणेश्वर, भोगवे अशा ठिकाणी ऐन सुट्टीत टाकी शोधत फिरणं म्हणजे दिवस फुकट. माणगाव, महाड, खेड, चिपळूण, राजापूर, कणकवली, कुडाळ ही महामार्गावरची गावं, किंवा दापोली, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला, इथून निघतानाच वजन बघायचं आणि दीड किलोच्या खाली आली असेल तर तिथेच बदलून घ्यायची. रविवारी एजन्सी बंद असू शकते हेही धरून चला. आणि बीचवर गाडी लावून भाड्याच्या स्कूटीवर टाकी आणायला जाऊ नका, दुचाकीवरून भरलेला सिलिंडर न्यायला गॅस सिलिंडरच्या नियमांत मनाई आहे.

बदलून घेताना दोन मिनिटं थांबा, दुकानदार घाई करेल, तरी थांबा. सील आहे का बघा. वजन करून मागा. मग टाकीच्या वरच्या कड्याला जोडणाऱ्या पट्टीच्या आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे असतात, उदाहरणार्थ बी-२७. ती टाकीच्या पुढच्या तपासणीची मुदत. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी म्हणजे जूनपर्यंत, सी सप्टेंबरपर्यंत आणि डी डिसेंबरपर्यंत, आकडे वर्षाचे. मुदत उलटलेली असेल तर दुसरी मागा, तो तुमचा हक्क आहे. सील काढल्यावर व्हॉल्व्हच्या आत रबराची बारीक रिंग असते ती फाटलेली नाही ना ते बघा, निम्म्या गळत्या ज्या रेग्युलेटरच्या माथी मारल्या जातात त्या या रिंगच्या असतात असं माझं मत आहे. शेवटी टाकीचा तळ बघा. आपल्या खाऱ्या हवेत खालचं कडं आधी गंजतं, नुसता रंग उडाला असेल तर हरकत नाही, पण पापुद्रे सुटत असतील तर ती टाकी नको.

आता दुसरा प्रश्न, गळली तर. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. घरात तो खिडकीतून आपोआप जात नाही आणि गाडीत तर अजिबात नाही, तो सांडलेल्या पाण्यासारखा जमिनीवर पसरतो आणि पलंगाखालच्या कप्प्यात, पायरीच्या खोबणीत जाऊन बसतो. मच्छीमार बोटींवरही हाच धोका, तिथे तो बोटीच्या तळात उतरतो. हवेत साधारण दोन टक्के गॅस झाला की ठिणगीला पेट घेतो. दहा-बारा घनमीटर आतली जागा असलेल्या गाडीचा हिशोब केला तर अर्धा किलो गॅस संपूर्ण गाडी स्फोटक करायला पुरतो, आणि खालीच साठलेला असेल तर त्याहून कमी. म्हणजे तुमच्या छोट्या टाकीचा दहावा भाग.

म्हणून टाकीला स्वतंत्र खण लागतो. राहायच्या जागेपासून पूर्ण बंद, दार बाहेरून उघडणारं, आणि तळाला थेट रस्त्यावर उघडणारं भोक, ज्यातून गळलेला गॅस खाली निघून जाईल. युरोपातला नियम असा की हे भोक खणाच्या तळाच्या क्षेत्रफळाच्या किमान २ टक्के आणि कमीत कमी १०० चौरस सेंटिमीटर हवं, तेवढं आपणही धरावं. त्याला जाळी लावा, पण चिखलाने बुजणार नाही अशी, कारण पावसात कोकणातले रस्ते जाळी दोन दिवसांत भरून टाकतात. भोकाच्या खाली किंवा शेजारी सायलेन्सर नको. खणात कुठलाही स्विच, फ्यूज, बॅटरी नको. टाकी उभीच, आडवी कधीच नाही, आडवी पडली तर गॅसऐवजी द्रव रेग्युलेटरमधून शेगडीत येतो आणि ज्वाला माणसाएवढी उठते. दोन ठिकाणी पट्टा, वर आणि खाली, परशुराम घाटातली वळणं एका पट्ट्याने निभत नाहीत. पाइप नारिंगी सुरक्षा पाइपच, आत तारेची जाळी असलेला, पाच वर्षांनी बदलायचा, आणि त्यावर छापलेलं साल बघूनच घ्यायचा.

ज्यांच्या गाडीत असा खण करायला जागाच नाही त्यांना माझा सल्ला, टाकी आत जोडूच नका. बाहेर काढा, बाहेर स्वयंपाक करा, झाकण लावून परत ठेवा. बोलेरोवाल्यांना तेच बरं पडतं. गाडीत पक्का बदल करणार असाल तर आरटीओची परवानगी लागते तेही विसरू नका.

गाडी हलायच्या आधी रेग्युलेटर बंद करून काढायचा आणि दोरीला लटकणारं ते पांढरं झाकण व्हॉल्व्हवर दाबून बसवायचं. ते झाकण कचरा समजून फेकणारे खूप आहेत, फेकू नका, व्हॉल्व्ह गळला तरी ते गॅस अडवून धरतं. आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा जेट्टीवर गाडी फेरीबोटीत चढवताना तर हे आधीच झालेलं असायला हवं, आणि गाडीत सिलिंडर आहे असं तिथल्या माणसाला स्वतःहून सांगा. एलपीजीवर चालणारा फ्रिज असेल तर तोही बंद, पंपावरसुद्धा. कोकण रेल्वेने जायचं असेल तर सिलिंडर नाहीच, रेल्वेत त्याला बंदी आहे.

शेगडी निवडताना एक गोष्ट विचारा, ज्वाला विझली तर गॅस आपोआप बंद होतो का? आपल्या साध्या घरगुती शेगड्यांत ही सोय बहुतेक नसते, आणि आरे-वारेच्या पठारावर दार उघडं ठेवून भात लावला की संध्याकाळचा वारा ज्वाला कधी विझवतो ते कळतही नाही, गॅस मात्र येतच राहतो. बर्नरजवळ एक बारीक धातूची सळी असते, ती गार पडली की गॅस तोडते, अशी शेगडी थोडी महाग मिळते. तीच घ्या. गॅसचा अलार्म लावाल तो खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, छताला लावून उपयोग नाही.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा, तो झोपायच्या उंचीवर. या वायूला वास नसतो. एलपीजीमध्ये मुद्दाम मरकॅप्टन मिसळतात म्हणून गळती नाकाला कळते, पण बंद गाडीत जळून तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड कळत नाही, माणूस झोपेतच जातो. जोराच्या पावसात सगळ्या काचा लावून आत शेगडी पेटवणं, ऊब म्हणून चालू ठेवणं, हे कधीही करू नका. आणि गॅस गिझर गाडीच्या बाथरूममध्ये अजिबात नको. तो एका तासात पाऊण किलोहून जास्त गॅस जाळतो, छोटी टाकी तेवढ्या वेगाने गॅस देऊच शकत नाही, तिला बाहेरून घाम सुटतो, गार पडते आणि ज्वाला मंदावते, मग लोक टाकीवर गरम पाणी ओततात आणि प्रकरण आणखी वाढवतात. एवढ्या बंद खोलीत तो गिझर माणूस मारतो. काळ्या पिशवीत पाणी भरून टपावर ठेवा, कोकणातल्या उन्हात दुपारपर्यंत आंघोळीपुरतं तापतं.

वास आला तर आधी शेगडी आणि टाकी बंद, सगळी दारं उघडी, सगळे बाहेर. दिवा लावायचा नाही आणि लागलेला बंदही करायचा नाही, पंखा नाही, गाडीला स्टार्टर नाही, मोबाइल गाडीपासून लांब जाऊन वापरायचा. १९०६ हा एलपीजी गळतीचा देशभरचा नंबर आहे, चोवीस तास चालतो, तो आत्ताच फोनमध्ये ठेवा. गळती कुठे आहे ते साबणाच्या पाण्याने शोधायचं, फेस आला की सापडली. काडी पेटवून बघणारे अजून आहेत.

जूनला गाडी उभी करून ठेवाल तेव्हा टाकी आत ठेवू नका. झाकण लावून, जमिनीपासून वर लाकडी पाटावर, हवा खेळती असेल अशा पडवीत उभी ठेवा, तळघरात किंवा विहिरीच्या खोलगट भागाजवळ नको. सप्टेंबरात पुन्हा जोडायच्या आधी पाइप बोटाने पूर्ण लांबीभर चाचपा, पावसाळ्यात उंदीर गाडीत शिरतात आणि रबर कुरतडतात, आणि खणाच्या तळाच्या भोकात कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं असतं, ते काढून टाका.